पावणेसातचा कौल

आमच्या केंद्रात स्त्रीबीजं गोठवून ठेवायची टाकी आहे. कमरेएवढी उंच, ॲल्युमिनियमची, दुधाच्या मोठ्या कॅनसारखी दिसते. तिला वीज लागत नाही. हे वाक्य मी आजवर किती वेळा उच्चारलं याची नोंद ठेवायला हवी होती. टाकीबद्दल ऐकणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो: लाइट गेली की काय करता? आत द्रव नायट्रोजन असतो, उणे एकशे शहाण्णव अंशांवर. तो हळूहळू उडून जातो. ठरलेल्या दिवशी पट्टी बुडवून पातळी मोजायची आणि कमी झाला तेवढा भरायचा. बाकी काही नाही.

शिरगावकडच्या एका ट्रकमालकाला हे पटेना. त्यांच्या मुलीची बीजं आमच्याकडे होती. खाणीच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस. काठी बुडवून डिझेल मोजण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पातळी मोजायच्या दिवशी ते काचेपलीकडे उभे राहिले, पट्टीवरची पांढरी खूण पाहिली आणि म्हणाले, "अर्ध्यार आयल्यार म्हाका फोन करात. हांव टँकर धाडटां." कशाचा टँकर, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर सहा महिने दर सोमवारी त्यांचा फोन येई. मी पातळी सांगे. ते "बरें" म्हणून ठेवून देत. मुलीची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

या केंद्रात येण्याआधी मी चौदा वर्षं एका दैनिकाच्या म्हापसा कार्यालयात होते. तालुक्यांच्या बातम्या तपासायच्या, नावं आणि वेळा जुळवायच्या, विशेषणं काढून टाकायची. कार्यालय बंद झालं. त्याच सुमारास या केंद्राला वेळा अचूक लिहिणारं माणूस हवं होतं. माझ्या पदाचं नाव समन्वयक. प्रत्यक्षात मी घड्याळ सांभाळते.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावं म्हणून थोडं सांगते. पीसीओएस असलेल्या बाईच्या बीजकोशात बारीक बारीक बीजपुटिका पुष्कळ असतात. पण दर महिन्याला त्यातलं एक बीज पिकून बाहेर पडायला हवं, ते वेळेवर पडत नाही. पाळी पुढे जाते, कधी महिनेच्या महिने येत नाही. याचा अर्थ मूल होणार नाही असा नाही. बहुतेकींना साध्या गोळ्यांनी दिवस राहतात, आणि आमच्या डॉक्टरीणबाई हे पहिल्या भेटीतच सांगतात. बीजं गोठवणं हा पीसीओएसवरचा इलाज नव्हे. तो वाढत्या वयावरचा एक तोडगा आहे, आणि त्यालाही खात्री नाही. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन घ्यायचं, बीजं एकदम वाढवायची, मग एक अखेरचं इंजेक्शन. त्यानंतर छत्तीस तासांनी, भूल देऊन, सुईने बीजं काढून घ्यायची. पीसीओएसमध्ये बीजं जास्त मिळतात, त्याबरोबर धोकाही जास्त. बीजकोश सुजतात, पोटात पाणी होतं. म्हणून अखेरचं इंजेक्शन वेगळ्या जातीचं देतात. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि ठरल्या मिनिटाला घ्यावं लागतं. घाईने काढलेली बीजं कच्ची निघतात, उशीर झाला तर ती आपणहून सुटून जातात आणि सुईला काही लागत नाही. मिळालेली बीजं कायद्याने दहा वर्षं ठेवता येतात.

डिचोलीच्या एक आई एकदा होणाऱ्या विहीणबाईंना घेऊन आल्या. मुलीची बीजं "पळोवपाक मेळटलीं?" असं त्यांनी विचारलं. ती डोळ्यांना दिसत नाहीत, आणि दाखवण्यासाठी बाहेर काढता येत नाहीत, असं मी सांगितलं. विहीणबाईंनी टाकीचा फोटो काढून घेतला. लग्न झालं. त्यात फोटोचा वाटा किती, हे मला सांगता येणार नाही.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. एक बाई पाच वर्षांनी परत आली. तिची आठ बीजं टाकीतून बाहेर काढली, पाच टिकली, पण एकानेही दिवस राहिले नाहीत. खात्री नाही हे मी तिला पहिल्या दिवशी वाचून दाखवलं होतं, त्याखाली तिची सही होती. मी तो कागद काढून पाहिला. सही स्पष्ट होती. बातमीत खरं लिहिलं की काम संपतं. इथे ते तसं संपत नाही, हे मला उशिरा समजलं.

वैशालीचं प्रकरण त्यानंतरचं. नावं बदलली आहेत.

वैशाली हळर्णची, वय बत्तीस, औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात रसायनतज्ज्ञ. पायात पैंजण घालून कारखान्यात जाणारी मी पाहिलेली ती एकटीच. पहिल्या भेटीत तिने पुढचं सगळं एका दमात सांगितलं: स्थळ येतं, ती स्वतःच पीसीओएसबद्दल सांगून टाकते, स्थळ जातं. मग दुसरं येतं, थोडं अधिक वयाचं, थोडं अधिक घाईतलं. शेवटचा मुलगा चव्वेचाळीसचा होता आणि त्याने तिलाच विचारलं, अजून किती वर्षं चालेल?

"मॅडम, माका मूल होवंचा काय नाय, ता मागीर बघतंलंय," ती म्हणाली. "माका फक्त ही घाई थांबवची आसा."

घाईचा उगम घरीच होता. वडील बाबलीकाका हे गावच्या देवळातले मानकरी. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे लोकांच्या वतीने देवापुढे मोठ्याने मागणं मांडायचा मान त्यांच्या घराण्याचा. आई नव्हती. घर सुमनआत्या चालवत होत्या. आणि बाबलीकाकांच्या मोबाइलवर दिवसातून दोनदा एका गृहस्थाचा फोन येई. तो लग्नं जुळवतो आणि निम्मा पेडणे तालुका त्याला मामा म्हणतो. आमच्या केंद्राच्या बाकावर बसूनही काकांनी तो घेतला होता. "व्हय रे मामा. खंयचो? वय किती? बरा बरा, बघूया."

बीजं गोठवायची हे वैशालीने घरी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "देवाक विचारूंक होया." त्यांच्या घरात विहीर, लग्न, नोकरी, गाईची खरेदी, काहीही कौल घेतल्याशिवाय झालेलं नव्हतं. कौल म्हणजे पुजारी देवाच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो. मानकरी गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वैशाली एवढ्यावर कबूल झाली की रोजची इंजेक्शनं सुरू करायची, पण अखेरचं इंजेक्शन कौल मिळाल्यावरच. तिने वडिलांना तसा शब्द दिला. कौल चार दिवसांत घेऊ, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या वांगडातले, म्हणजे भावकीतले, एक आजोबा वारले. वय नव्वदीच्या पुढचं. सगळ्या मानकऱ्यांना सुतक, देवळातले कौल बंद. इकडे वैशालीची पुटिकांची संख्या वाढत होती, आणि तिला सुतक लागत असलं तरी तिच्या बीजकोशांना लागत नव्हतं. सुतक फिटलं त्याच दिवशी सकाळी सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि मला सांगितलं, "आज संध्याकाळी पावणेसात. परवा सकाळी पावणेसातला काढायची." भूल देणारे डॉक्टर पुढे दुसऱ्या रुग्णालयात जायचे असल्याने सकाळची ती वेळ हलण्यासारखी नव्हती. मी रजिस्टरमध्ये दोन्ही वेळा लिहिल्या. वैशालीला बर्फाच्या पिशवीत इंजेक्शन दिलं. ती म्हणाली, कौल साडेपाचला आहे.

चार वाजता तिचा फोन आला. सुमनआत्यांनी इंजेक्शन फ्रीजरमध्ये ठेवलं होतं.

मागून आत्यांचा आवाज ऐकू येत होता. "तुमीच म्हणतास गोठवचा आसा! मी खालच्या खणात कशाक ठेवतंलंय? वर बर्फाकडे ठेवलंय, बरा घट्ट होवंदे म्हणान!"

गोठलेलं इंजेक्शन वापरता येत नाही. दुसरं घेऊन मी स्वतः निघाले. कोलवाळचा पूल, पेडणे, मग हळर्ण. घराला कुलूप होतं. शेजारणीने देवळाचा रस्ता दाखवला. मी पाच पंचावन्नला पोचले.

सुतकामुळे कौल तुंबले होते. सभामंडपात वीसेक माणसं होती आणि वैशालीचा नंबर चौथा होता. पहिला कौल बोअरवेलचा, तो मिळाला. दुसरा हरवलेल्या म्हशीचा. म्हैस पूर्वेला गेली की पश्चिमेला, असा प्रश्न होता आणि दोन्ही पाकळ्या जागच्या हलत नव्हत्या. सहा दहा झाले, सहा पंधरा झाले. मी वैशालीशेजारी फरशीवर बसले होते, मांडीवर बर्फाचा डबा. मागची एक बाई म्हणाली, "माशे हाडलास काय गो?" मी नाही म्हटलं. सहा वाजून एकवीस मिनिटांनी म्हैस स्वतःच देवळाच्या आवारात आली. प्रश्न मागे घेण्यात आला. तिसरा माणूस जहाजावरच्या नोकरीचा होता; त्याला डावी मिळाली, आणि त्याची बायको सोडून कोणालाही आनंद झाल्याचं दिसलं नाही.

सहा एकतीसला बाबलीकाका उठले. डोळे मिटले, हात जोडले. मला चिंता वेगळीच होती. गाऱ्हाणं मोठ्याने घालतात. वैशाली काय करते आहे हे गावात फक्त घरच्या दोघांना ठाऊक होतं.

"बा देवा म्हाराजा!" काका सुरू झाले. "आज ह्या तुज्या लेकरान मनात एक गजाल धरल्यान हा!"

"व्हय म्हाराजा!" मंडपाने साथ दिली.

"ती ह्या बारा जणांत बोलासारकी नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"पण तुका ठावक आसा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी वळून वैशालीकडे पाहिलं.

मग काकांनी देव बोलवायला सुरुवात केली. आधी गावचे. सातेरी, रवळनाथ, वेताळ, भूमका. मग वाड्यावाड्यांचे राखणदार. प्रत्येकाला नाव, ठिकाण आणि मान, प्रत्येकामागे "व्हय म्हाराजा". वैशालीने आधी सांगितलं होतं की वडिलांचं गाऱ्हाणं सात मिनिटांचं असतं. सहा अडतीसला गावचे देव संपले. काकांनी श्वास घेतला आणि शेजारच्या गावात शिरले.

सहा चाळीस. प्रश्न विचारलाच गेला नव्हता, तर पाकळी पडणार कुठून? मी वैशालीला घड्याळ दाखवलं. उत्तरासाठी थांबायचं की नाही, हे मी तिला सांगू शकत नव्हते. तेवढा अधिकार माझ्या पदाला नाही. मी इतकंच म्हटलं, "पाच मिनिटं आहेत."

ती वडिलांकडे पाहत राहिली. बत्तीस वर्षांत त्यांना दिलेला शब्द तिने मोडलेला नव्हता, हे तिने मला नंतर सांगितलं. बारा दिवस तिने स्वतःच्या पोटात सुया टोचल्या होत्या. शब्द पाळला असता तर ते सगळं आज रात्रीतून वाया जाणार होतं, आणि मामाचा फोन उद्या सकाळी येणारच होता.

"चल गे मॅडम," ती पुटपुटली आणि उठली.

देवळाच्या कडेला अग्रशाळा आहे, यात्रेकरूंना उतरायच्या खोल्या. शेवटच्या खोलीत एक बाक आणि समयांचं कपाट होतं. तिने हात धुतले, पोटाची घडी धरली. बाहेरून "व्हय म्हाराजा" येत होतं. मी घड्याळावर सेकंद मोजले. सहा पंचेचाळीसला सुई आत गेली. तिचा चेहरा हलला नाही. कापूस दाबून धरत ती म्हणाली, "आता डावी पडली तर?"

मी बरोबर आणलेल्या फाइलमध्ये वेळ लिहिली.

सहा एकोणपन्नासला आम्ही मंडपात परत आलो. काका तेरेखोल नदी ओलांडून सिंधुदुर्गात पोचले होते. "व्हय म्हाराजा" चा जोर ओसरला होता. एक म्हातारा खांबाला टेकून नुसता हात वर करत होता. आमच्या मागचा माणूस शेजाऱ्याला सांगत होता, "आज बाबली बेळगावाक जावन येतलो."

वैशाली जागेवर बसली. काकांनी आणखी एक देव घेतला आणि थांबले. "तर देवा म्हाराजा, माज्या मनात जा काय आसा, ता होवचा आसलां तर उजवी दी!"

पुजाऱ्याने पाकळ्या लावल्या. वैशालीने माझं मनगट धरलं होतं, आणि मला माझं घड्याळ दिसत नव्हतं. पहिली पाकळी हलली ती डावी. ती बोटभर सरकली आणि तिथेच राहिली. मग उजवी सुटली आणि सरळ खाली पडली.

"व्हय म्हाराजा!" म्हातारा खांबापासून सुटा झाला.

लोकांनी वैशालीला घेरलं. "गाडी घेतलंस काय गो?" "नाय गे, परदेशात चलली आसतली." म्हशीच्या मालकाने तिला केळ्यांची फणी दिली. आणि सुमनआत्या गर्दीतून वाट काढत माझ्यापुढे आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मॅडम, देवान दिला! आता वेळ घालवू नकात. हंयच, देवासमोर, द्या ती सुई!"

दुसरा डोस देण्याचा प्रश्नच नव्हता. पहिला देऊन झाला आहे, हे वीस माणसांसमोर सांगण्याचाही नव्हता. मी चौदा वर्षं वर्तमानपत्रात काढली. इतकं कमी सुचल्याचं मला आठवत नाही. वैशालीने मान खाली घातली.

"हंय नाका," बाबलीकाका गाभाऱ्याकडून म्हणाले. "देवासमोर सुयो टोचतत? अग्रशाळेत न्हेवा तिका, मॅडम."

आम्ही पुन्हा अग्रशाळेत गेलो. दार लावलं. बाकावर बसून दोन-दोन केळी खाल्ली. पाच मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा वैशालीने कापूस हातात दिसेल असा धरला होता. आत्यांनी तो कपाळाला लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला ठरल्याप्रमाणे काम झालं. एकोणीस बीजं निघाली, पंधरा पक्की होती, ती गोठवली. पोटात पाणी झालं नाही. वैशाली भुलीतून बाहेर येत होती. बाबलीकाका बाहेरच्या बाकावर तिची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांना आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, मग फाइल उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. अखेरचं इंजेक्शन: सायंकाळी ६.४५.

"ह्या घड्याळ बरोबर?" त्यांनी विचारलं.

खोटी वेळ मी कधी लिहिली नव्हती. "बरोबर," मी म्हटलं. पाकळी त्यानंतर दहा-बारा मिनिटांनी पडली होती. ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

काकांनी ओळीवरचं बोट उचललं. "मी डोळे मिटले म्हणान कान मिटनत नाय, मॅडम. तिच्या पायांत पैंजण आसा. गेला ता माका आयकाक आयला," ते म्हणाले. "पावणेसातची वेळ माकाय ठावक होती. ती उठासर आणि परत येयसर देव पुरवूक होये होते. आमच्या गावचे संपले. मागीर मिळत गेले तसे घेतले."

"अग्रशाळेत पाठवलंत ते पण?"

"सुमनाक काय सांगतंलंय?"

मी विचारलं, "आणि डावी पडली असती तर?"

"पडान काय? सुयेचा मी विचारूंकच नाय." त्यांनी फाइल मिटली. "झालेल्या कामाचो कौल कोण घेता? माका दुसराच विचारूचा होता. हिच्या लग्नाची घाई मी सोडू काय, इतक्याच विचारलंय."

आतून सिस्टरने सांगितलं की वैशाली जागी झाली आहे. काका उठले, आणि त्यांचा फोन वाजला. पडद्यावर मामाचं नाव मलाही दिसलं. बाकावरच्या चार बाया बघत होत्या. काकांनी फोन कानाला लावला, पलीकडचं सगळं ऐकून घेतलं, मुलगा खंयचो, वय किती.

"मामा," ते म्हणाले, "आमका कायद्यान दहा वर्सा दिल्यानी आसत. मागीर फोन कर."